विश्लेषण : रॉक संगीतात कारखान्याचा खडखडाट पुन्हा का घुमतोय?

गिटार वाजतेय की पत्रा कापायचं मशीन सुरू आहे, हे पहिल्या मिनिटात कळतच नाही. गायक गाण्याऐवजी पुटपुटतो, मग एकदम किंचाळतो. रीलवर असं काही आलं की आपण लगेच पुढे सरकतो. पण गेल्या दोन-तीन वर्षांत हार्ड रॉकमध्ये अशा अल्बमची रांग लागली आहे आणि जगभरातले समीक्षक त्यांची गंभीरपणे दखल घेत आहेत. मग हा नुसता गोंगाट आहे, की त्यातून काही सांगायचं आहे?

'इंडस्ट्रियल' आणि 'नॉइज' म्हणजे काय?

१९७६ मध्ये लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या बँडने 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' नावाची कंपनी काढली. या संगीतप्रकाराला नाव मिळालं ते तिथून. १९८० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेला आइनश्टुर्त्सेन्डे नॉयबाउटेन हा बँड तर ड्रिल मशीन आणि भंगारातले पत्रे घेऊन स्टेजवर यायचा. पुढे अमेरिकेत मिनिस्ट्री आणि नाइन इंच नेल्स यांनी त्याला जड गिटारची जोड दिली. नाइन इंच नेल्सच्या १९९४ च्या 'द डाउनवर्ड स्पायरल'ने हा आवाज घराघरांत नेला.

'नॉइज'चा अर्थ आणखी सरळ आहे. माइकची शिट्टी, अँपची घरघर, फाटलेला आवाज हे सगळं एरवी रेकॉर्डिंगमधून काढून टाकतात. इथे ते मुद्दाम ठेवतात.

हा आवाज आला कुठून?

एक मोठा धागा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात सापडतो. ब्लॅक सबाथचा गिटारिस्ट टोनी आयोमी तिथे पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. १९६५ मध्ये मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. त्याने प्लास्टिकची टोपणं करून बोटांवर चढवली आणि पुढे गिटारच्या ताराही सैल लावल्या. हेवी मेटलच्या जाड, खोल आवाजामागे हा अपघातही आहे.

त्याच शहरातल्या गॉडफ्लेशने १९८९ च्या 'स्ट्रीटक्लीनर' अल्बममध्ये ड्रमर ठेवलाच नाही. त्याजागी ड्रम मशीन आलं. न थकणारा, न चुकणारा ठोका आणि त्याखाली दबलेला माणसाचा आवाज, अशी त्याची रचना आहे. २०२३ मध्ये गॉडफ्लेशचा 'पर्ज' आला. त्याच वर्षाच्या शेवटी लॉस एंजेलिसच्या हेल्थ या बँडने 'रॅट वॉर्स' काढला. त्यातल्या एका गाण्यात 'स्ट्रीटक्लीनर'मधल्या पहिल्या गाण्याचा तुकडा वापरला आहे.

कारखाने बंद झाले, मग हे बँड कशाबद्दल गातात?

इथे अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीचा चॅट पाइल हा बँड पाहू. या नावाचा व्हॉट्सॲपशी काही संबंध नाही. ओक्लाहोमाच्या ईशान्य टोकाला पिचर हे शिशाच्या आणि जस्ताच्या खाणींचं गाव होतं. धातू काढून घेतल्यावर उरलेल्या खडीला तिथे 'चॅट' म्हणतात आणि तिच्या डोंगराएवढ्या ढिगांना 'चॅट पाइल'.

खाणी बंद झाल्या तरी ढीग तिथेच राहिले. मुलं त्यांच्यावर खेळायची, लोक ती खडी अंगणात टाकायचे. त्या खडीत शिसं होतं. १९९० च्या दशकातल्या तपासणीत गावातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर आढळलं. खाणींतल्या पाण्याने जवळचा ओढा नारिंगी झाला होता. १९८३ मध्येच सरकारने या परिसराचा समावेश देशातल्या सर्वाधिक प्रदूषित ठिकाणांच्या यादीत केला होता. शेवटी लोकांना घरांचे पैसे देऊन हलवलं आणि २००९ मध्ये पिचरचा नगर कारभार बंद झाला.

या बँडच्या २०२२ च्या 'गॉड्स कंट्री'मध्ये एक गाणं कत्तलखान्यावर आहे, एक बेघर माणसांवर. बेघरांवरच्या गाण्यात रूपकं नाहीत. गायक एकच साधा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो आणि दर वेळी त्याचा आवाज जास्त फाटत जातो. ऑक्टोबर २०२४ च्या 'कूल वर्ल्ड'मध्ये तोच राग ओक्लाहोमाबाहेर, जगभरातल्या हिंसेकडे वळतो.

इतर बँडही असंच करतायत का?

प्रत्येकाचा विषय वेगळा आहे. न्यूयॉर्कच्या युनिफॉर्मचा 'अमेरिकन स्टँडर्ड' (ऑगस्ट २०२४) सुरू होतो जवळपास २१ मिनिटांच्या गाण्याने. विषय आहे बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी करून टाकायला लावणारा आजार. गायक मायकल बर्डनने स्वतःच्याच आजारावर लिहिलं आहे. पुरुष या आजाराबद्दल सहसा बोलत नाहीत, म्हणून हे जास्त महत्त्वाचं.

सोनिक यूथची किम गॉर्डन ७० वर्षांची असताना तिचा 'द कलेक्टिव्ह' (मार्च २०२४) आला. त्यातल्या पहिल्या गाण्यात ती प्रवासाच्या बॅगेत काय काय भरायचं याची यादी वाचते. मागे कान फाडणारा बेस आहे. या गाण्याला आणि अल्बमला ग्रॅमी नामांकनं मिळाली.

मग हा बंडखोर आवाज आता बाजाराचाच झाला का?

काही प्रमाणात, हो. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं 'ट्रॉन : एरेस' या डिस्नेच्या चित्रपटाचं संगीत नाइन इंच नेल्सच्या नावावर आहे. आज लॅपटॉपवर कुणालाही दोन क्लिकमध्ये कारखान्याचा खडखडाट मिळतो. त्यामुळे आवाज किती कर्कश आहे, यावरून आता काहीच ठरत नाही.

तो कर्कशपणा कशासाठी आहे, हे विचारायला हवं. पिचरच्या मुलांच्या रक्तातलं शिसं किंवा एखाद्याचं जेवणाशी चाललेलं रोजचं युद्ध गोड चालीत सांगता येईलही. पण ऐकणारा माना डोलावून पुढे जाईल. हे बँड त्याला तसं जाऊ देत नाहीत.

सुरुवात कुठून करायची?

'रॅट वॉर्स' सगळ्यात सोपा, कारण त्यात चाल आहे. मग 'गॉड्स कंट्री', शब्द समोर ठेवून. 'अमेरिकन स्टँडर्ड' शेवटी. आणि मन आधीच जड असेल, तर तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.