ड्रॉइंग खिशात मावत नाही

"फोनच एवढे मोठे झालेत, आता टॅब्लेट कशाला?" हे वाक्य हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत आता प्रश्न म्हणून कुणी विचारत नाही, थेट निकाल म्हणून ऐकवतात. शेडचा मालक खरेदीच्या यादीवर काट मारताना ते म्हणतो. भिलाईच्या सेक्टरमधला कमावता मुलगा वाचायला काहीतरी मागणाऱ्या आईलाही तेच सांगतो. हा निकाल मला मान्य नाही. तो घाईत दिलेला आहे आणि त्याची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांना कुणी विचारलेलंही नाही.

आधी हथखोजबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा वाद कुठे उभं राहून घालायचा यावर बरंच अवलंबून आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि त्या पोलाद कारखान्याच्या आधाराने भोवती फॅब्रिकेशनच्या शेड, रोलिंग मिल, फाउंड्री, मशीन शॉप वाढत गेले. हथखोज हा त्यातला अवजड कामांचा पट्टा. भिलाई नागपूर-हावडा लोहमार्गावर असल्यामुळे विदर्भातली मराठी माणसं इथे फिटर, ड्राफ्ट्समन, सुपरवायझर म्हणून आली आणि इथलीच झाली. या माणसांचा दिवस ड्रॉइंगपासून सुरू होतो. प्लेट कुठे कापायची, होल किती मिलिमीटरचं, वेल्ड शेडमध्ये की साइटवर, सगळं त्या कागदावर. म्हणून फोन की टॅब्लेट हा वाद इथे हौसेचा राहत नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी मांडू. २०१० मध्ये पहिला आयपॅड आला तेव्हा त्याचा पडदा ९.७ इंचांचा होता आणि त्या काळातल्या आयफोनचा साडेतीन. मधलं अंतर डोळ्यांत भरणारं होतं. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलक्सी नोट काढला, तेव्हा एवढं धूड कानाला कोण लावणार, असं लोक म्हणाले. आज ६.७ इंचांचा फोन कुणाला मोठा वाटत नाही. सरकारंही त्याच दिशेने गेली. २०११ ची सामाजिक-आर्थिक व जातीनिहाय गणना भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या टॅब्लेटांवर झाली, तर २०२७ ची जनगणना गणनाकर्त्यांच्या मोबाइलमधल्या ॲपवर ठेवली आहे. छत्तीसगढ सरकारने २०१३ च्या सुमारास युवा सूचना क्रांती योजनेत महाविद्यालयीन मुलांना टॅब्लेट दिले आणि २०१८ मध्ये संचार क्रांती योजनेत थेट स्मार्टफोन वाटले. एवढ्या सगळ्यांनी टॅब्लेट सोडला, मग तुम्ही का धरून बसता, असा हा आक्षेप आहे. तो हलका नाही.

पण त्याचा पायाच इंचांच्या मोजणीत आहे आणि ती मोजणी फसवी आहे. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. ६.७ आणि ११ यांत फारसं अंतर नाही असं त्यामुळे वाटतं. पट्टी घेऊन लांबी-रुंदी मोजा. ६.७ इंचांचा आजचा उंच, निमुळता फोन साधारण १५५ बाय ७० मिलिमीटरचा भरतो, म्हणजे १०८ चौरस सेंटिमीटर. ११ इंचांचा टॅब्लेट २३७ बाय १४८, म्हणजे ३५० चौरस सेंटिमीटर. तिपटीहून जास्त. फोन गेली काही वर्षं मुख्यतः उंचीने वाढले, कारण रुंदीला हाताच्या मुठीची मर्यादा आहे. ती मर्यादा पुढेही राहणार, कारण फोन फोन असण्याची अटच ती आहे.

आता हे आकडे शेडमध्ये नेऊ. ए-थ्री आकाराचं ड्रॉइंग ४२० बाय २९७ मिलिमीटरचं असतं आणि त्यावर मापांची अक्षरं बहुधा अडीच मिलिमीटर उंचीची. ते पूर्ण पान फोनवर आडवं बसवलं तर अक्षर ०.६ मिलिमीटरवर येतं. वेल्डिंगच्या धुरात, चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना ते दिसणार नाही. टॅब्लेटवर तेच अक्षर सव्वा मिलिमीटरचं राहतं. बारीकच, पण वाचता येतं. फोनवर दोन बोटांनी मोठं करून सव्वा मिलिमीटरपर्यंत आणता येतं, हे खरं. मात्र तेव्हा पडद्यावर पानाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो.

उरलेले दोन हिस्से गेले कुठे, हाच माझा मुद्दा आहे. फॅब्रिकेशनचं ड्रॉइंग तुकड्यातुकड्याने वाचायची वस्तू नव्हे. डाव्या बाजूला समोरचं दृश्य, त्यावर बाण काढून 'सेक्शन ए-ए' लिहिलेलं, आणि तो सेक्शन पानाच्या दुसऱ्या टोकाला. वेल्डच्या खुणेत बाणाच्या वळणावर छोटं वर्तुळ असलं तर वेल्ड चहूबाजूंनी करायचा, छोटा झेंडा असला तर तो साइटवर करायचा. सर्वसाधारण सूचना एका कोपऱ्यात, मालाची यादी दुसऱ्या कोपऱ्यात. उजवीकडे खाली टायटल ब्लॉक, त्यात रिव्हिजनचा क्रमांक. फिटरची नजर पानावर अशी सतत फिरत असते, मापावरून सेक्शनवर, सेक्शनवरून सूचनेवर, आणि परत. फोनवर त्याला दर वेळी बोटाने पान ओढत न्यावं लागतं आणि परत येईपर्यंत आधीचं माप डोक्यात धरून ठेवावं लागतं.

त्याहून वाईट म्हणजे ते कापलेले फोटो. साहेबांच्या संगणकावरून ड्रॉइंगचा फोटो निघतो, हवा तेवढा भाग कापला जातो आणि व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये पडतो. नेहमीच्या पद्धतीने फोटो म्हणून पाठवला की तो वाटेत दाबला जातो आणि बारीक अक्षरं विरघळतात. असे फोटो मी रोज पाहतो. "काका, होल चार आहेत का सहा?" असं पोरगं विचारतं. "खाली नोट असेल, बघ," काका म्हणतात. "नोट कुठंय? फोटोत एवढंच आलंय." त्या फोटोत टायटल ब्लॉकही आलेला नसतो, म्हणजे हे ड्रॉइंग रिव्हिजन एकचं की तीनचं हे कुणालाच कळत नाही. चूक त्या पोराची नाही. त्याच्या हातात पानाऐवजी पानाचा तुकडा दिला, तिथेच ती घडली. मोठ्या पडद्यावर पूर्ण पीडीएफ उघडायची सोय असती तर कापायची गरजच पडली नसती.

कुणी म्हणेल, घडीचा फोन आहे की! उघडला की आठ इंच. तो जवळजवळ चौकोनी उघडतो आणि साधारण २०५ चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे ११ इंची टॅब्लेटच्या साठ टक्क्यांच्या आतबाहेर. ड्रॉइंगचं अडीच मिलिमीटरचं अक्षर त्यावर ०.९ वर येतं. चांगले घडीचे फोन लाखाच्या पुढे जातात. जिथे ग्राइंडरमधून लोखंडाची धूळ उडते तिथे बिजागरीवर वाकणारा नाजूक पडदा कोण उघडणार? ऑफिसात बसणाऱ्याला तो सोयीचा असेल. शेडमध्ये प्रत्यक्ष कामावर त्याचा उपयोग मला दिसत नाही.

कपाटात धूळ खात पडलेल्या टॅब्लेटांचा दाखलाही लोक देतात, तो मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. २०११ चा 'आकाश' आठवा. सात इंचांचा तो स्वस्त टॅब्लेट देशभर शिक्षण नेणार होता. तो बोट जोरात दाबल्याशिवाय हलत नसे, बॅटरी टिकत नसे. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून टॅब्लेट दिले. पुढे बिघाड, दुरुस्ती आणि बदलता अभ्यासक्रम यांत ते अडखळले. हे सगळं खरं आहे. पण यातून सिद्ध काय होतं? वाईट बनवलेली, दुरुस्तीची सोय नसलेली आणि आतला मजकूर ताजा न ठेवलेली वस्तू बंद पडते, एवढंच. पडदा मोठा होता म्हणून ती बंद पडली, असं कुणी दाखवून दिलेलं नाही. हाच न्याय फोनला लावा. वाटलेले सगळेच फोन आज चालू आहेत का?

जनगणनेचं उदाहरण तर माझ्या बाजूचंच आहे. गणनाकर्त्याच्या ॲपमध्ये एकामागून एक प्रश्न येतो, उत्तर भरायचं, पुढे जायचं. असं काम फोनच्या उभ्या पट्टीत चोख बसतं आणि त्यासाठी टॅब्लेट मागणं चूकच ठरेल. बँकेचा व्यवहार, रिक्षा बोलावणं, निरोप पाठवणं, गाडीचा क्रमांक टिपणं, याही पट्टीच्याच गोष्टी. टॅब्लेटच्या कैवाऱ्यांनी हे मोकळेपणाने कबूल करायला हवं. केवळ सिनेमे आणि क्रिकेट बघायला टॅब्लेट घ्यायचा असेल तर मीही नको म्हणेन. पण ड्रॉइंग, तपासणी अहवाल, मालाचं टेस्ट सर्टिफिकेट, पाठ्यपुस्तक, वहीतलं गणित ही पानाची कामं आहेत. पट्टी कितीही लांब केली तरी त्यातून पान निघत नाही. सरकारने पट्टीच्या कामासाठी फोन निवडला म्हणून पानाचं कामही फोनवर ढकलायचं, ही तर्कातली उडी मला मान्य नाही.

टॅब्लेटसाठी चांगली ॲप नसतात, ही तक्रार पूर्वी रास्त होती. अँड्रॉइडची ३.० आवृत्ती २०११ मध्ये खास टॅब्लेटसाठी आली आणि त्यानंतर मोठा पडदा बरीच वर्षं दुर्लक्षित राहिला. २०२२ च्या १२एल आवृत्तीपासून गूगलने पुन्हा लक्ष घातलं. पण पीडीएफ वाचायला आणि पेनाने त्यावर खूण करायला जे लागतं ते त्याआधीही होतं. उन्हाळ्याचं म्हणाल तर भिलाईच्या मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो आणि ही उपकरणं साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. तिथे फोन आणि टॅब्लेट दोघंही सारखेच तापतात.

एक गोष्ट या वादात कुणी बोलतच नाही, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फोन खाजगी असतो. त्यात बँक आहे, ओटीपी येतो, घरचे फोटो आहेत, बायकोचा फोन येतो. तो दुसऱ्याच्या हातात द्यायला कुणी राजी नसतं आणि कुणी असावं अशी अपेक्षाही धरू नये. तरीही कितीतरी शेडमध्ये कामगाराच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्या स्वतःच्या डेटा पॅकवर कारखान्याची ड्रॉइंग उतरवली जातात. तो कामगार काम सोडून गेला की ड्रॉइंगही त्याच्याबरोबर जातं. मालकाला हे परवडतं कारण खर्च दुसऱ्याच्या खिशातून होतो. शेडचा टॅब्लेट शेडच्या पैशांतून यायला हवा, त्यात फक्त शेडचं काम असायला हवं, आणि फिटर, वेल्डर, हेल्पर तिघांनी त्याभोवती उभं राहून एकाच पानावर बोट ठेवून बोलता यायला हवं.

घरातही याचंच दुसरं रूप दिसतं. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्याला मराठी पुस्तक सहज हाती लागत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं पीडीएफ करून मोफत ठेवली आहेत. त्यांतली बरीच जुनी पानं स्कॅन केलेली आहेत, म्हणजे अक्षर मोठं केलं तर ओळ आपोआप दुमडत नाही, अख्खं पानच सरकतं. डेमी आकाराचं पुस्तक १४० बाय २१६ मिलिमीटरचं असतं. ते ११ इंची टॅब्लेटवर मूळ आकारात मावतं. फोनवर रुंदी निम्मी होते, आणि देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, पोटात जोडाक्षरं. छापील पान निम्म्यावर आलं की आधी हेच बुजतं. भिलाईत बसून मराठी वाचत राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना "फोनवर वाच ना आई" असं सांगणारी मुलं त्यांना वाचन सोडायला सांगत आहेत. मला याचं वाईट वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या या भागात टिकलेलं मराठी वाचन केवळ अक्षर दिसत नाही म्हणून थांबावं, हे पटत नाही.

मुलांच्या बाबतीत नागपूरच्या महाज्योतीने बरोबर ओळखलं आहे. जेईई, नीट, एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी ती संस्था पात्र विद्यार्थ्यांना टॅब्लेट देते. आकृती आणि तिच्याखालचं गणित एकत्र दिसलं पाहिजे, आणि अभ्यासाच्या मधे मित्राचा निरोप वाजता कामा नये. ज्या उपकरणावर दिवसभर गप्पा चालतात त्याच उपकरणावर एकाग्र हो, असं सोळा वर्षांच्या मुलाला सांगणं अन्यायाचं आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. हथखोजमधले मालक शेवटी तिथेच येतात, आणि त्यात गैर काही नाही. वीस मिलिमीटर जाडीची, दीड मीटर रुंद, सहा मीटर लांब प्लेट १,४१३ किलो भरते. जुन्या रिव्हिजनवरून ती कापली गेली तर नव्या प्लेटच्या भावाने आलेला माल भंगाराच्या भावाने जातो, शिवाय गॅस, मजुरी आणि पाळी वाया. कामाचा टॅब्लेट पंधरा-वीस हजारांच्या घरात मिळतो. तेव्हा शेडच्या दर बेमागे, म्हणजे दर कामाच्या पट्ट्यामागे, एक घ्यावा. आठ इंची घेऊ नये, अकराच्या आसपासचा घ्यावा. जाड रबराचं कव्हर आणि पडद्याला काच लावावी, सिम घालू नये, भर दुपारी तो सुपरवायझरच्या केबिनमध्ये ठेवावा, आणि पाळी सुरू होण्याआधी जुनं रिव्हिजन पुसून नवं टाकायची जबाबदारी नाव लिहून एकाच माणसाकडे द्यावी.