ॲप म्हणालं ‘आंबा’, मामा म्हणाले ‘बांडगूळ’

फेब्रुवारीत भंडारदऱ्याला गेलो होतो. शेंडी गावात ज्यांच्याकडे उतरलो, त्या मामांच्या आंब्यावर केशरी, नळीसारख्या फुलांचे झुबके दिसले. फोटो काढून ॲपला विचारलं. उत्तर आलं, ‘आंबा’. मामा हसले. “आंब्याला असं फूल येतं व्हय? बांडगूळ हाय ते.” त्यांच्या दोन फांद्या टोकाकडून वाळल्या होत्या, म्हणजे ॲपवर विसंबून गप्प बसणं त्यांना महागात पडलं असतं.

ॲप चुकलं कारण फ्रेममध्ये बहुतेक पानं आंब्याचीच होती. मॉडेल चित्र बघतं, कोण कोणाच्या फांदीत घुसलंय हे त्याला कळत नाही. फक्त फुलं आणि फांदीवरची गाठ जवळून टिपली, तेव्हा बरोबर नाव आलं: डेंड्रोफ्थी फाल्काटा, कुळ लोरँथेसी. या कुळात जवळपास १००० जाती, बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. पानं हिरवी, म्हणजे अन्न स्वतः बनवतात; पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाच्या फांदीतून ओढतात. बिया चिकट असतात. फुलटोच्या पक्षी फळ खातो आणि बी दुसऱ्या फांदीला चिकटवून जातो.

आता गंमत. मामांचं हे बांडगूळ जुन्या पुस्तकांत ‘लोरँथस लाँगिफ्लोरस’ या नावाने सापडतं. एकच नाव सर्च केलंत तर अर्धी माहिती हातची जाते. सह्याद्रीत दुसरं एक बांडगूळही आहे, व्हिस्कम. त्याची एक जात बिनपानांची, चपट्या सांध्यांची, आणि ती चक्क दुसऱ्या बांडगुळावरही वाढते! पूर्वी दोघं एकाच कुळात होते. १९५० च्या दशकात दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी आणि सहकाऱ्यांनी दोघांची फुलं आणि भ्रूण तपासले, तेव्हा फरक ठळक झाला. नंतर डीएनएनेही तेच दाखवलं. २०१६ च्या एपीजी ४ वर्गीकरणात व्हिस्कम चंदनाच्या कुळात आहे (चंदनही अर्धपरजीवीच, फक्त मुळांतून), तर काही तज्ज्ञ त्याला वेगळं व्हिस्केसी कुळ देतात. म्हणजे दोन ॲप्सनी दोन कुळं दाखवली तर दोन्ही बरोबर असू शकतात. हे सॉफ्टवेअरच्या व्हर्जनसारखंच आहे: १९९८, २००३, २००९, २०१६ अशी एपीजीची चार व्हर्जन्स आली, आणि तुमचं ॲप यातलं कुठलं वापरतं हे सहसा कुठे लिहिलेलं नसतं. माझ्या मते ते नावाखालीच दिसायला हवं.

मामांना यातलं काहीच नको होतं. बांडगुळाचा नुसता झुबका तोडला तर ते गाठीतून पुन्हा फुटतं, म्हणून फांदीच गाठीच्या बरीच खालून छाटावी लागते, शक्यतो फळं धरायच्या आत. त्यांनी दोन फांद्या उतरवल्या. तिसरी कोयत्याच्या टप्प्यात नव्हती. मी निघालो तेव्हा शिंजीर तिथेच मध ओढत होता.