हसण्याची आयात-निर्यात

गहू, कापड किंवा यंत्राचे सुटे भाग एका देशातून दुसऱ्या देशात गेले म्हणून त्यांचा गुणधर्म बदलत नाही. विनोदाची गोष्ट निराळी आहे. सीमा ओलांडताना तो बहुधा वाटेतच मरतो. आणि जगलाच, तर पलीकडे पोहोचतो तो मूळचाच विनोद असतो असे नाही. दूरचित्रवाणी मालिकांचा जागतिक व्यापार गेली सहा-सात दशके चालू आहे. करमणुकीचा विषय म्हणून त्याकडे दुर्लक्ष करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडली पाहिजे. कारण कोण कोणाला हसतो, हा प्रश्न अखेर सत्तासंबंधांचा प्रश्न असतो.

प्रथम या व्यापाराचे अर्थशास्त्र पाहू. मालिकेचा जवळजवळ सारा खर्च पहिल्या प्रतीवर होतो. पुढच्या प्रती नाममात्र खर्चात निघतात. ज्या देशाची अंतर्गत बाजारपेठ मोठी, तो आपला खर्च घरीच वसूल करतो आणि बाहेर मिळेल त्या भावाने माल विकतो. त्यामुळे गरीब देशाला स्वतःची मालिका निर्माण करण्यापेक्षा अमेरिकन मालिका विकत घेणे कितीतरी स्वस्त पडते. नॉर्डेनस्ट्रेंग आणि वारिस या फिनलंडच्या अभ्यासकांनी युनेस्कोसाठी केलेली पाहणी १९७४ साली प्रसिद्ध झाली. ही वाहतूक बव्हंशी एकेरी आहे, हे तिने दाखवून दिले. १९८० च्या मॅकब्राइड अहवालाने हाच असमतोल जगापुढे मांडला.

१९८८ साली हॉस्किन्स आणि मायरस या कॅनडातील अर्थतज्ज्ञांनी आणखी एका मुद्द्याची भर घातली. परक्या प्रेक्षकाला रीतिभाती, संदर्भ, बोली यांची ओळख नसते. म्हणून त्याच्या लेखी त्याच कार्यक्रमाचे मोल कमी होते. त्यांच्या संकल्पनेला मराठीत ‘सांस्कृतिक घट’ म्हणता येईल. धान्याच्या वाहतुकीत पोत्यामागे घट येते, तशीच ही. मारामारीच्या चित्रपटात ती थोडी असते, विनोदात फार.

ही घट टाळण्याचा एक मार्ग म्हणजे शब्दच वगळणे. १९९० साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला ‘मिस्टर बीन’ जवळजवळ काही न बोलता जगभर फिरला. अर्थात, न बोलणे म्हणजे आशय नसणे नव्हे. चॅप्लिनच्या मूकपटांतील भूक आणि पोलिसाचा दंडुका कोणत्याही देशातील गरिबाला भाषांतरावाचून कळत होता. कधी प्रसारण-संस्था आयात मालावर थोडी प्रक्रिया करते. कोरियन युद्धावरील ‘मॅश’ ही अमेरिकन मालिका बीबीसीने दाखवली, ती तिच्यातील ध्वनिमुद्रित हशा काढून टाकून. हशा निघून गेला आणि तीच मालिका ब्रिटिश प्रेक्षकाला अधिक गंभीर, अधिक युद्धविरोधी वाटू लागली. कुठे हसायचे हे दुसऱ्याने ठरवून दिल्याने काय होते, याचा हा बोलका पुरावा आहे.

परंतु सर्वांत विचारार्ह मार्ग तिसरा आहे: तयार मालिका न घेता तिचा केवळ सांगाडा घेणे आणि त्यावर आपल्या समाजाचे रक्तमांस चढवणे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे बीबीसीवर १९६६ पासून नियमित सुरू झालेली ‘टिल डेथ अस डू पार्ट’. जॉनी स्पाइट हा तिचा लेखक पूर्व लंडनच्याच कामगारवस्तीत वाढलेला. त्याचा नायक आल्फ गार्नेट वॉपिंगच्या गोदीभागात राहतो. राणीचा भक्त, हुजूरपक्षाचा मतदार, आणि कॅरिबियन वा भारत-पाकिस्तानातून आलेल्या स्थलांतरितांचा द्वेष्टा. त्याचा जावई मजूरपक्षाचा, समाजवादी विचारांचा. दोघांची रोज जुंपते.

हा सांगाडा नॉर्मन लियर यांनी अमेरिकेत नेला. जानेवारी १९७१ मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ सुरू झाली. आल्फचा तेथे आर्ची बंकर झाला: न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, मालधक्क्यावरचा मुकादम, काळे आणि ज्यू यांच्याविषयी तोंडाला येईल ते बोलणारा, निक्सनचा पाठीराखा. ही मालिका लागोपाठ पाच वर्षे अमेरिकेत लोकप्रियतेत पहिली राहिली. १९७३ साली वोल्फगांग मेंगे यांनी पश्चिम जर्मनीत तिसरा अवतार घडवला. रूर खोऱ्यातील आल्फ्रेड टेट्झलाफ परदेशी मजुरांना आणि विली ब्रँट यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला शिव्यांची लाखोली वाहू लागला.

एकच माणूस तीन देशांत का रुजला? कारण तो तिन्ही देशांत आधीपासूनच होता. युद्धोत्तर भरभराटीत या देशांनी श्रमाची आयात केली, वा आपल्याच दक्षिणेतून ती शहरांत येऊ दिली. आणि जुन्या कामगाराला आपली जागा डळमळीत झाल्याची भीती वाटू लागली. त्याने दोष भांडवलाच्या धोरणाला दिला नाही, शेजारच्या घरात राहायला आलेल्या परक्याला दिला. विनोद सीमा ओलांडून गेला, कारण त्याच्या आधी सामाजिक संबंध सीमा ओलांडून गेला होता. उलट, तपशील मात्र कोठेही जसाच्या तसा चालला नाही. राणीवरील भक्ती क्वीन्समध्ये निरर्थक ठरली असती.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. या लेखकांचा हेतू पूर्वग्रहाची टवाळी करण्याचा होता. तो साधला काय? विडमार आणि रोकिच या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिका आणि कॅनडातील प्रेक्षकांची पाहणी करून १९७४ साली निष्कर्ष मांडला: मुळातच पूर्वग्रहदूषित असलेल्या प्रेक्षकाला आर्चीची टवाळी दिसतच नाही, त्याला आर्ची आपला वाटतो. एकाच विनोदाला दोन माणसे हसतात, पण एक आर्चीला हसतो आणि दुसरा आर्चीबरोबर हसतो. शिवाय या मालिकांतील जावयाचे स्थान पाहा. तो बोलतो बरोबर, पण राहतो सासऱ्याच्या घरात. त्याच्या समतेच्या भाषणाला सासऱ्याचे उत्तर ठरलेले असते: आधी स्वतःच्या पायावर उभा राहा. पुरोगामी कार्यकर्त्याने सासऱ्याला हसण्यापूर्वी या जावयात स्वतःला शोधावे. ज्याची भाकरी धोक्यात आहे त्याच्याशी केवळ सुसंस्कृत भाषेत बोलून त्याचे मत पालटत नाही, हा धडा तिन्ही देशांत सारखाच मिळाला.

आपल्याकडील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. ‘येस मिनिस्टर’ ही १९८० ची ब्रिटिश मालिका २००१ साली ‘जी मंत्रीजी’ म्हणून हिंदीत आली. फारूख शेख यांनी रंगवलेला मंत्री आणि त्याला गुंडाळणारा सचिव समजून घ्यायला आपल्याला प्रयास पडले नाहीत. सचिवालयाची ती व्यवस्था साम्राज्याने आपल्याकडे आधीच पोहोचवली होती. ‘माइंड युवर लँग्वेज’ या १९७७ च्या मालिकेवरून १९९३ साली दूरदर्शनवर ‘जबान सँभालके’ आली. मूळ मालिका परदेशी विद्यार्थ्यांच्या मोडक्या इंग्रजीला हसत होती, त्यांत शीख होता आणि पाकिस्तानीही होता. आपण काय केले? तीच रचना घेऊन परभाषिकांच्या हिंदीला हसलो. सांगाडा उसना घेताना त्यातील सत्तेची उतरंडही उसनी आली.

वस्तुतः मराठी माणसाला परके नाटक आपलेसे करण्याची कला ठाऊक आहे. पु. ल. देशपांडे यांनी गोगोलवरून ‘अंमलदार’ लिहिले, शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ आणि ब्रेख्टवरून ‘तीन पैशाचा तमाशा’. या रूपांतरांत भाषा बदलली, तसा हसण्याचा रोखही येथल्या अधिकाऱ्यांकडे, येथल्या उच्चभ्रूपणाकडे वळला. खरे रूपांतर यालाच म्हणावे.

आज हा सांगाडाही क्रयवस्तू झाला आहे. मालिकेचा आराखडा करारान्वये विकला जातो आणि किती बदल करावा हेही पुष्कळदा विकणाराच ठरवतो. २०१६ पासून एकट्या नेटफ्लिक्सचा विस्तार सुमारे १९० देशांत झाला आहे. सर्व देशांत एकाच दिवशी खपेल असा विनोद हवा असेल, तर ज्यात घट येते तो स्थानिक, बोलीचा, नाव घेऊन सत्तेला टोचणारा भागच आधी गळणार, हे बाजाराच्या तर्काला धरूनच आहे.

यावर आयातबंदी हा उपाय नव्हे. बंद खिडकीतून हवाही येत नाही. उपाय आहे तो निर्मितीचा. प्रसार भारती १९९७ साली कायद्याने स्वायत्त झाली. ती स्वायत्तता कागदावरून पडद्यावर यावी, मंत्र्याला हसणाऱ्या लेखकाला तेथे जागा आणि पुरेसे मानधन मिळावे, आणि बोलीभाषांतील निर्मितीचा पहिल्या प्रतीचा खर्च सार्वजनिक निधीने उचलावा, ही मागणी सांस्कृतिक संघटनांनी सातत्याने लावून धरली पाहिजे. ज्या समाजाला आपल्या सत्ताधाऱ्यांवर आपल्या भाषेत हसता येत नाही, तो शेवटी दुसऱ्यांच्या दुबळ्यांवर हसायला शिकतो.