सिनेमाचा धंदा आणि आमचीं मुलें



गेल्या अक्षय तृतीयेच्या सुमारास आमच्या गांवचे एक सुतार गृहस्थ शाळा सुटतेवेळीं मजकडे आले. घरीं दोन एकर कोरडवाहू वावर आणि रंधा-करवत, एवढीच दौलत. मुलगा नुकताच बारावी उतरलेला. ते म्हणाले, “मास्तर, माहा पोरगा म्हन्ते का मले सिनेमा लिवाचा हाय. अन् तिकडचा एक मानूस फोनवर म्हन्ते, तीन लाख द्या, पोराले हिरोच करून टाकतो. आता तुमीच सांगा, वावर इकू का नोको?”

वावर विकूं नका, हें मीं त्यांस तेथेंच सांगितलें. तीन लाख मागणाऱ्या त्या माणसाचा फोन पुन्हां घेऊं नका, हेंही सांगितलें. परंतु मुलाची इच्छा वेडगळ आहे असें मात्र मला म्हणवेना. सिनेमा लिहिणें हा धंदा आहे, सिनेमा काढणें हाही धंदा आहे, आणि तो आमच्या मुलांनीं करूं नये असें कोणत्याही शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. लिहिलें असल्यास तें शास्त्र आम्ही मानीत नाहीं. तेव्हां या धंद्यांत माणसें कशीं शिरलीं, कोणत्या वाटेनें वर चढलीं व कोठें आपटलीं, हें आमच्या घरांतून ठाऊक असावें म्हणून हीं चार अक्षरें लिहीत आहें.

खेड्यांतील पोरास सिनेमांत फक्त नट दिसतो. पडद्यावर तोंड त्याचें, म्हणून मालकही तोच असें त्यास वाटतें. वास्तविक नट हा सिनेमाचा सालदार आहे. मोठा नट म्हणजे फार मोठ्या पगाराचा सालदार, इतकेंच. वावर ज्याच्या नांवावर लागतें तो निर्माता. पैसा तो उभा करतो, माणसें तो नेमतो, नफा-तोटा त्याचा, आणि चित्रपटाचा हक्कही त्याच्याच नांवें राहतो. नट शहाणा झाला कीं स्वतः निर्माता होतो, तो याचसाठीं. आणि या गांवगाड्यांत कुळकर्ण्याचें दप्तर ज्याच्या हातीं असतें तो कथा-पटकथा लिहिणारा. शहाणपण कोणाच्या तोंडीं घालावयाचें आणि हंसूं येईल असें गांवढळ बोलणें कोणाच्या तोंडीं, हें तो ठरवितो. पडद्यावर शेतकरी आला कीं एक तर रडतो, नाहीं तर हंसवितो. असें कां होतें याचें उत्तर त्या दप्तरांत आहे. जोतीरावांनीं कुळकर्ण्याच्या लेखणीविषयीं जो इशारा दिला तो येथेंही लागू पडतो.

आतां एक अभिमानाची गोष्ट. 1913 सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढून दादासाहेब फाळक्यांनीं या धंद्याचा पाया घातला, हें श्रेय त्यांचें आहे. परंतु त्यानंतर लौकरच कोल्हापुरास जें घडलें तें आमच्याच घरांतलें आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांस जग बाबूराव पेंटर म्हणून ओळखतें, ते 1890 सालीं सुतारकाम व चित्रकाम करणाऱ्या घरांत जन्मले. शाळा बेताचीच, हात मात्र अजब. ते व त्यांचे नात्यांतले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. फाळक्यांचें काम पाहून त्यांनाही तें वेड लागलें, पण विलायती कॅमेरा घेण्यास पैसा कोठला? तेव्हां घरींच भाग घडवून कॅमेरा तयार करण्याचा उद्योग त्यांनीं मांडला. 1916 सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं शिष्यांना हाताशीं धरून तें काम तडीस नेलें, आणि पुढें महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिला पैसा कोणी दिला? कोणा पेढीनें नव्हे. तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईंनीं दिला. ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकांतून नाहीं, असावयास पाहिजे होती. 1920 सालीं ‘सैरंध्री’ पुण्यास लागला, तेव्हां खुद्द टिळकांनीं बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविलें असें सांगतात. मेस्त्र्याच्या पोरास पुण्यानें केसरी म्हणावें, हें त्या काळीं रोज घडत नसे.

याच बाबूरावांनीं 1925 सालीं ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या चित्रपटांचे ते दिवस. त्यांत या गृहस्थानें कर्जांत बुडालेला शेतकरी, हातची गेलेली जमीन आणि गिरणींत मजुरीस लागलेला तरुण पडद्यावर आणला. त्यास शंभर वर्षें झालीं. अकोला, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांत ती गोष्ट अजून शिळी झालेली नाहीं, हें वाचकांस मीं सांगावयास नको.

त्या चित्रपटांत तरुण शेतकऱ्याचें काम केलें तें व्ही. शांताराम यांनीं. त्यांची वाट पहा. 1920 सालीं ते कंपनींत शिरले ते पडेल तें काम करणारा पोऱ्या म्हणून. सामान उचलणें, झाडलोट, मग पडद्यावर उभें राहणें, मग मुख्य माणसाच्या हाताखालीं काम, आणि 1927 सालीं ‘नेताजी पालकर’चें दिग्दर्शन. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे पडदे रंगविण्यास शिष्य म्हणून आलेले. 1929 सालीं हे तिघे आणि केशवराव धायबर बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्णी या सराफांचें भांडवल घेतलें, व प्रभात फिल्म कंपनी काढली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: ते पगारी नोकर म्हणून राहिले नाहींत, भागीदार झाले. 1933 सालीं कंपनी पुण्यास गेली. 1936 सालीं दामले-फत्तेलाल या जोडीनें तेथें ‘संत तुकाराम’ काढला, आणि देहूच्या कुणब्याचा तो बोलपट 1937 सालीं इटालींतील व्हेनिस शहरीं जगांतल्या उत्तम तीन चित्रपटांत गणला गेला. प्रभात 1953 सालीं बंद पडली. पण त्याच जागेंत 1960 सालीं सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. तेथें पटकथालेखनाचाही अभ्यासक्रम आहे, कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेशपरीक्षा देतां येते, व मागासवर्गीयांस राखीव जागा आहेत. तीन लाख मागणाऱ्या माणसानें हें सुतारबुवांस सांगितलें नव्हतें.

तथापि एक उणीव झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. कॅमेरा, रंग, सुतारकाम आमच्या हातीं आलें; लेखणी मात्र उशिरां आली. ‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरि आपट्यांची. ‘महात्मा फुले’ हा चित्रपट 1954 सालीं काढला तो आचार्य अत्र्यांनीं, आणि त्यास राष्ट्रपतींचें रौप्यपदक मिळालें. अत्र्यांचे उपकार आम्ही मानतों. ब्राह्मण कुळांतला माणूस जोतीरावांसाठीं झटला तर त्यास दूर लोटावें, असा सत्यशोधक धर्म नाहीं. परंतु आमच्या महात्म्याचा चित्रपट आमच्यांतल्या कोणाच्या लेखणींतून कां उतरला नाहीं, हा प्रश्न उरतोच. आणि आजही ही वाट मोकळी आहे असें समजूं नये. 2025 सालीं हिंदींत ‘फुले’ हा चित्रपट यावयाचा होता तेव्हां कांहीं ब्राह्मण संघटनांनीं हरकत घेतली, सेन्सॉर मंडळानें जातींच्या नांवांचे कांहीं उल्लेख बदलावयास सांगितले, आणि ठरलेली तारीख दोन आठवडे पुढें गेली. जातीनें माणूस छळावा हें चालतें, जातीचें नांव पडद्यावर येऊं नये!

लेखणी आली तरी ती कोणत्या अटीवर आली हेंही पाहिलें पाहिजे. वाटेगांवच्या अण्णा भाऊ साठ्यांस शाळा अशी जवळजवळ लाभलीच नाहीं. मुंबईस मिळेल ती मजुरी करून त्यांनीं लिहिलें. ‘वैजयंता’, ‘फकिरा’ अशा त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, लोकांनीं ते पाहिले. आणि 1969 सालीं अण्णा भाऊ वारले ते हालअपेष्टेंतच. त्यांच्या नांवानें आज चौक आहेत. हिंदींत सलीम-जावेद ही जोडी एवढी मोठी. पण 1973 सालीं ‘जंजीर’च्या भित्तिपत्रकांवर लेखक म्हणून त्यांचीं नांवेंच नव्हतीं, आणि त्यांनीं माणूस लावून तीं मुंबईभर रंगवून घेतलीं, असें ते स्वतः सांगतात.

उलट बाजूस नागराज मंजुळे आहेत. करमाळा तालुक्यांतील जेऊरचे, दगड फोडणाऱ्या वडार समाजांतले. पुण्यास मराठी विषय घेऊन एम. ए. केलें, मग अहमदनगरच्या कॉलेजांत माध्यमांचें शिक्षण घेतलें, व तेथें शिकतां शिकतां ‘पिस्तुल्या’ हा लहानसा चित्रपट केला. त्यास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. मग 2013 सालीं ‘फँड्री’, आणि 2016 सालीं ‘सैराट’. ‘सैराट’ त्यांनीं नुसता लिहिला व बसविला नाहीं. निर्मात्यांतही त्यांचें नांव आहे. आधीं वाचन, मग शिक्षण, मग लहान काम, मग मोठें, आणि शेवटीं सातबाऱ्यावर नांव, असा हा क्रम आहे. त्यांत कोठेंही बापाचें वावर विकलेलें मला आढळलें नाहीं.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे येतों. सिनेमाच्या व्यापारांत हिंदुस्थानाचे जे मुलूख पाडले आहेत त्यांतील एकाचें नांव ‘सी. पी. बेरार’. तो प्रांत केव्हांच गेला. 1956 सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आलें, 1960 सालीं महाराष्ट्रांत. व्यापाऱ्यांच्या वहींत मात्र तेंच नांव चालूं आहे, आणि त्या मुलुखाचें एक मोठें ठाणें म्हणजे आपली अमरावती. वर्षानुवर्षें येथील वितरकांच्या कचेऱ्यांतून रिळांच्या पेट्या खेडोपाडीं जात आणि तिकिटांचा पैसा उलट वाटेनें येई. म्हणजे वऱ्हाडी माणसानें सिनेमास पैसा पुरविला नाहीं असें नाहीं. कापसाचें जें झालें तेंच येथें झालें: सरकी येथें, कपडा दुसरीकडे.

तरी आपल्या मातीनें माणसें दिलीच नाहींत असें नव्हे. धामणगांवचे राजदत्त हे राजा परांजप्यांच्या हाताखालीं शिकून दिग्दर्शक झाले. 1977 सालीं त्यांनीं ‘देवकीनंदन गोपाला’ काढला आणि शेंडगांवच्या परिटाचा पोर, आपले गाडगेबाबा, डॉ. श्रीराम लागूंच्या रूपानें पडद्यावर आले. 1981 सालच्या ‘अरे संसार संसार’मध्यें अकोल्याच्या डॉ. विठ्ठल वाघांचें तिफणीवरचें गाणें आहे; तें पेरणीच्या दिवसांत आमच्या शिवारांत अजून ऐकूं येतें. एवढें एक गाणें वऱ्हाडी बोलींत उतरलें तर लोक तें पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. मग अख्खी गोष्ट वऱ्हाडींत उतरली तर काय होईल?

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतों. लिहिलेली गोष्ट कोणास ऐकविण्यापूर्वीं तिची नोंद करावी. मुंबईस लेखकांची संघटना आहे, स्क्रीनरायटर्स असोसिएशन. तिचे सभासद होऊन ही नोंद घरबसल्या ऑनलाईन करतां येते. करारनामा वाचल्याशिवाय सही करूं नये. सावकाराच्या कोऱ्या कागदावर आमच्या आज्यांनीं अंगठे दिले, त्याचें फळ आपण भोगलें आहे. 2012 सालीं कॉपीराईटचा कायदा दुरुस्त झाला. चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे टीव्हीवर अगर इतर माध्यमांतून, लेखकाच्या लिखाणाचा वापर झाला तर मोबदल्यांत त्याचा वाटा राहतो, आणि हा हक्क निर्मात्यास लिहून देतां येत नाहीं. अण्णा भाऊंच्या वेळीं हें नव्हतें.

आणि निर्माता होणें म्हणजे कोट्यधीशच असावें लागतें, हाही समज सोडावा. या धंद्यांत पुष्कळजण व्यवस्थेच्या कामानें शिरतात: गाड्या, जेवण, मुक्काम, परवानगी, रोजचा हिशोब. गांवचा सप्ताह, मंडप आणि हजार पानांची पंगत ज्यानें सांभाळली, त्यास हें काम परकें वाटूं नये. भांडवलाचें म्हणाल तर गुजराथेंतील शेतकऱ्यांकडे पहा. 1976 सालीं श्याम बेनेगलांनीं ‘मंथन’ काढला. त्याचे निर्माते होते दूध संघाचे 5 लाख सभासद, प्रत्येकाचे रुपये दोन. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. चित्रपट लागला तेव्हां ते शेतकरी गाड्या भरभरून आपला स्वतःचा सिनेमा पाहावयास गेले. दोन-दोन रुपये! आमच्याकडे जिनिंगच्या सोसायट्या झाल्या, शिक्षणसंस्था झाल्या, पंजाबराव देशमुखांनीं 1932 सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली ती लोकांच्याच मदतीवर. त्या वाटेनें एखादा वऱ्हाडी चित्रपट कां निघूं नये, हें मला अद्याप कोणी पटवून दिलेलें नाहीं. सभासदांस हिशोब मात्र दरसाल दाखवावा लागेल, आणि आमच्या सोसायट्यांची खोड तेथेंच आहे.

त्या सुतारबुवांचा मुलगा सध्यां अमरावतीस बी. ए. करतो, आणि सुट्टींत बापाबरोबर रंधा धरतो. वावर शाबूत आहे. गेल्या पोळ्यास त्यानें स्वतः लिहिलेलीं बत्तीस पानें मला वाचावयास आणून दिलीं. गोष्ट कर्जमाफीच्या यादींत नांव न आलेल्या एका बाईची आहे. बाई फार चांगली उतरली आहे. बँकेचा साहेब मात्र पुस्तकी बोलतो. तेवढें पुन्हां लिही म्हणून मीं पानें परत केलीं आहेत.

— वऱ्हाडांतील एक शिक्षक