शहीद साथीदारांसाठी बाइक मोहीम: कारगिलच्या ‘डी-५’चा नाशिकशी काय संबंध?

गेलेल्या सहकाऱ्यांच्या आठवणीत बाइक राइड काढणं ही फक्त रायडर क्लबांची पद्धत नाही. कारगिल विजयाच्या २५व्या वर्षी, जून २०२४ मध्ये, लष्करानंही तेच केलं. दिनजान, द्वारका आणि धनुष्कोडी इथून प्रत्येकी ८ बाइकची तीन पथकं निघाली. दिल्लीमार्गे गाठायचं होतं द्रास. पाचही नावं ‘डी’ची, म्हणून ‘डी-५’.

नेतृत्व होतं तोफखान्याकडे. आणि तोफखाना म्हटलं की आपलं नाशिक आलंच: नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर, देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी. १९९९ च्या युद्धात तोफखान्यानं सुमारे २,५०,००० गोळे आणि रॉकेट डागले. भारताचे ५२७ जवान शहीद झाले. द्रासच्या पॉइंट ५१४० ला २०२२ मध्ये ‘गन हिल’ हे नाव मिळालं, ते या तोफांच्या कामगिरीमुळेच.

मग द्रासला पुष्पचक्र वाहून भागलं नसतं का? रीलमध्ये दिसतो तो बाइकचा ताफा. पण आमच्या मते मोहिमेचं खरं काम थांब्यांवर होतं. वाटेत वीरपत्नींना, माजी सैनिकांना भेटायचं होतं. स्मारक एका जागी आहे, शहिदांची घरं मात्र देशभर विखुरलेली. त्यातल्या प्रत्येकाला द्रासपर्यंत जाणं कुठे जमतं?