मुलाला कोणीं सांगावें?

घरांत एखादें अरिष्ट ओढवलें कीं वडील मंडळी दार लोटून हलक्या आवाजांत बोलूं लागतात आणि मुलांना अंगणांत खेळावयास पिटाळतात. ही चाल मायेपोटींच पडली, यांत शंका नाहीं. पण ती मुलांच्या हिताची असते काय? ज्या वाचकांनीं ‘श्वास’ हा मराठी बोलपट पाहिला असेल, त्यांच्या मनांत हा प्रश्न आल्यावांचून राहिला नसेल.

२००४ सालीं आलेला हा बोलपट म्हणजे दिग्दर्शक संदीप सावंत यांची पहिलीच कृति. भांडवल तुटपुंजें, त्यामुळें डोळे दिपविणारा थाटमाट नाहीं. कोंकणांतील एक आजोबा परशुराम नांवाच्या नातवाला डोळे दाखवावयास शहरांत आणतात. त्याच्या डोळ्यांना कर्करोग झाल्याचें निदान होतें. शस्त्रक्रियेनें प्राण वांचतील, पण दृष्टि कायमची जाईल. डॉक्टर बजावतात कीं, ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीं मुलाला सांगितलीच पाहिजे. आतां ती सांगावी कोणीं? हा भार पेलतांना आजोबांची जी तगमग होते, ती अरुण नलावडे यांनीं संयमानें दाखविली आहे. शेवटीं शस्त्रक्रिया लांबणीवर पडतांच ते नातवाला घेऊन रुग्णालयांतून निघून जातात आणि दिसतें आहे तोंवर त्याला जग दाखवितात.

‘श्यामची आई’ नंतर सुमारें पन्नास वर्षांनीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीला मिळाला, तो या साध्या कथेमुळें. परशुरामाची भूमिका करणारा अश्विन चितळे यालाही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

आम्हांस वाटतें, मुलांपासून बातमी लपविली तरी घरांतली कुजबुज लपत नाहीं. काय होणार हें न कळल्यानें तीं अधिकच भेदरतात. उलट विश्वासाच्या माणसानें, त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत, हात हातीं घेऊन सांगितलें, तर तीं रडतील, रागावतील. पण एकटीं पडणार नाहींत.

आणखी एक गोष्ट गृहिणींनीं ध्यानांत ठेवावी. हा रोग बहुधा पांच वर्षांच्या आंतील मुलांना होतो. बाहुलींत पांढरी झांक दिसली किंवा डोळा तिरळा होऊं लागला, तर घरगुती उपायांत दिवस न घालवितां नेत्रवैद्याला दाखवावें. वेळींच उपचार झाल्यास पुष्कळदां दृष्टिही राखतां येते. आणि निदान कांहींही निघालें, तरी तें मुलाला घरच्या माणसाच्या तोंडूनच कळावें.