बोलावलेला पाहुणा आणि मारलेला यजमान

परराज्यांत फौज घालणाऱ्यानें आपण बोलावल्यावरूनच आलों असें सांगावें, हा प्रघात जुनाच आहे. पण १९७९ च्या डिसेंबरांत सोव्हिएट रशियानें अफगाणिस्तानासंबंधानें ही सबब पुढें केली, तेव्हां तिची जी शोभा झाली तशी क्वचितच कोणत्या सबबीची झाली असेल. काबूल सरकारनें १९७८ च्या मैत्रीच्या तहान्वयें मदत मागितली, असें मॉस्कोचें म्हणणें. त्या सरकारचे मुख्य हफीझुल्ला अमीन, आणि ता. २७ डिसेंबर रोजीं ताजबेग राजवाड्यावर हल्ला करून रशियन शिपायांनीं ठार केले तेहि हफीझुल्ला अमीनच! यजमानाचा प्राण घेऊन त्याच्या गादीवर बाब्राक कारमल यांस बसविणाऱ्या पाहुण्याची ही कैफियत कोणत्या कोर्टांत टिकेल?

मग खरा हेतु कोणता? उष्ण समुद्रावरील बंदराची हांव, असें उत्तर त्या वेळीं बहुतेकांनीं दिलें, व आमच्याकडील शिकलेली मंडळीहि अद्याप तेंच घोकीत असतात. नकाशावर बोट ठेवून सांगण्यास तें सोयीचें आहे, इतकेंच. सोव्हिएट राज्य १९९१ मध्यें मोडल्यावर मॉस्कोचें जें दप्तर बाहेर आलें, त्यावरून निराळीच हकीकत दिसते. मार्च १९७९ मध्यें हेरात येथें बंड झालें, तेव्हां अफगाण अध्यक्ष तराकी यांनीं फौजेची याचना केली. ती रशियाचे पंतप्रधान कोसिजिन यांनीं नाकारली. आमचे सैनिक आले तर त्यांस तुमच्याच प्रजेशीं लढावें लागेल, असा त्यांच्या नकाराचा मतलब होता. हें शहाणपण नऊ महिन्यांत कोठें गेलें? सप्टेंबरांत अमीन यांनीं तराकींस पदच्युत केलें व पुढें मारविलें. मिसरच्या सादतांप्रमाणें हा गृहस्थहि अमेरिकेच्या गोटांत जाणार, असा संशय मॉस्कोस आला. इराणांतून पाय निघालेली अमेरिका आपल्या दक्षिण सीमेवर ठाणें देईल, हें भय त्यांत मिळालें. ता. १२ डिसेंबर रोजीं ब्रेझनेव्ह व त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनीं निर्णय केला. सेनाप्रमुख ओगार्कोव्ह यांचा विरोध होता. त्यास कोण पुसतो! ठराव हातानें लिहिलेला, आणि त्यांत देशाचें नांवसुद्धां नाहीं. नुसतें ‘अ’ हें अक्षर.

हा लोभ नव्हे, ही भीति होय, आणि आमच्या मतें तीच अधिक घातक. लोभी शेजाऱ्यास कांहीं देऊन तरी वाटेस लावतां येतें. बलाढ्य शेजारी भ्याला म्हणजे दुर्बळानें काय देऊन त्याची समजूत घालावी?

आतां आमच्या घरचें. ता. १४ जानेवारी १९८० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेंत १०४ राष्ट्रांनीं परकी फौज काढून घेण्याची मागणी केली. १८ विरुद्ध गेलीं, १८ तटस्थ राहिलीं. तटस्थांत हिंदुस्थान होता. रशियाशीं १९७१ चा तह, तिकडून येणारीं शस्त्रें, पाकिस्तानास अमेरिकेचा पाठिंबा, ह्या अडचणी आम्ही जाणतों. गप्प बसणें एक वेळ समजलें असतें. पण तीनच दिवस आधीं आमच्या प्रतिनिधीनें त्याच सभेंत सांगितलें कीं, अमीन यांनीं २६ डिसेंबर रोजीं मदत मागितल्याचें रशिया म्हणतो, व मित्राच्या वचनावर अविश्वास ठेवण्यास आम्हांस कारण नाहीं. फौज सरहद्द ओलांडून शिरली ती २५ तारखेस! मागणीच्या आदल्या दिवशीं आलेल्या मदतीविषयीं साध्या कारकुनासहि शंका आली असती.

शेवटची रशियन तुकडी ता. १५ फेब्रुवारी १९८९ रोजीं अमूदर्या ओलांडून परत गेली. तोंपर्यंत तिकडील सुमारें १५ हजार शिपाई कामास आले होते. अफगाण किती लाख मेले, याची नक्की मोजदाद झालीच नाहीं. आमच्या प्रतिनिधीचें तें भाषण मात्र महासभेच्या दप्तरांत शब्दशः नमूद आहे.